काचेच्या कडेचा खांब

चौथ्या शोरूमच्या पायऱ्या चढतानाच दमयंतीने मनाशी ठरवून टाकलं, की आत जी कुठली गाडी उभी असेल तिला आपण हो म्हणायचं. चार चाकं आणि वर छप्पर, बस झालं. जांभळी असली तरी हो. तीन आठवडे हेच चाललं होतं. सकाळी लवकर जेवण उरकायचं, नाचणे गावाच्या वरच्या सड्यावरून, म्हणजे त्या उघड्या कातळी माळावरून, अर्धा तास चालत खाली रस्त्याला यायचं, रिक्षा मिळेल तेव्हा मिळणार, आणि मग साळवी स्टॉपपासून कुवारबावपर्यंत गाड्यांच्या दुकानांचे उंबरठे झिजवायचे. संध्याकाळी घरी काय आणायचं? तर गुळगुळीत कागदांचा गठ्ठा आणि सुजलेले गुडघे. तिच्या नाकी नऊ आले होते.

बरं, गाडी पटत नव्हती ती तिला नव्हे. तिला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पटत नव्हती ती तिच्या नवऱ्याला, आणि रावजी शिवगण म्हणजे काही साधं गिऱ्हाईक नव्हे. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. पालीला चहा घ्यायचा आणि भरलेली गाडी आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायची, पावसात, धुक्यात, गणपतीच्या गर्दीत. एवढ्या वर्षांत कोणाला ओरखडा नाही. निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाला. त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली. लोकांना आयुष्यभर इकडून तिकडे नेणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी म्हणाल तर एक सायकल, तीही आता पंप मारल्याशिवाय हलत नव्हती.

इतकी वर्षं अडलं नाही, मग आताच गाडी कशाला? तर त्याचं असं झालं. मागच्या श्रावणात भरदुपारी दमयंतीच्या छातीत कळ आली. पुढे तो निव्वळ गॅस निघाला, पण सड्यावर रिक्षा यायला पन्नास मिनिटं लागली आणि ती पन्नास मिनिटं रावजींनी अंगणात उभं राहून काढली. डोंबिवलीला मुलाच्या, ऋत्विकच्या कानावर ते गेलं. तो दोन दिवसांची रजा टाकून आला आणि सरळ सांगून मोकळा झाला, "एकतर गाडी घ्या, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे चला. मी तिथून किती वेळा जीव मुठीत धरू?" पोरगा चुकीचं काहीच बोलत नव्हता, म्हणून तर जास्त बोचलं. तीन खोल्यांचं घर, स्वतः पाणी मारून भिंती वाळवलेल्या, दोन हापूसची कलमं, नुकती कुठे धरायला लागलेली. ते सोडून सातव्या मजल्यावर खिडकीत बसायचं? दोघांनी एका तोंडाने सांगितलं, गाडी घेतो. दिवाळीपर्यंत घेतो. दिवाळी आता बारा दिवसांवर आली होती.

आणि गाडी काही ठरत नव्हती. पहिली ठेंगणी होती, सड्यावरच्या दगडांना पोट घासलं असतं. ते दमयंतीलाही पटलं. पण दुसरीपासून रावजींनी जो काय खांब धरला तो धरलाच. समोरच्या काचेच्या उजव्या कडेला, जिथे छप्पर खाली उतरतं, तिथे जो लोखंडी खांब असतो ना, तो. निळी गाडी बघितली, चालवली, उतरले आणि म्हणाले, "खांब जाडा हाय. आडवं माणूस आलं तर दिसायचं नाय." लाल गाडी बघितली, खांब. दुसऱ्या कंपनीची राखाडी, खांब. मायलेज चांगलं, डिकी मोठी, चढावर मागे येत नाही, सगळं कबूल, पण खांब! घरी जेवतानासुद्धा, "हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसती सजावट गो. ड्रायव्हरला दिसायला नको?" दमयंती मान डोलवायची. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरला ती काय सांगणार?

या चौथ्या ठिकाणी निशिगंधा नावाची मुलगी पुढे आली. गळ्यात ओळखपत्र, पायात उंच टाचांच्या चपला, सकाळपासून उभी असल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं. "या काका, या काकू. काय बजेट आहे?"

"सहा-साडेसहाच्या आत," रावजी म्हणाले. "आणि खांब बारीक पायजे."

पोरगी एक क्षण गोंधळली. मग समजली तशी हसली. "मग ही पांढरी बघा. आमच्या सगळ्या छोट्या गाड्यांत हिचाच सगळ्यात बारीक आहे. शिवाय ऑटोमॅटिक, क्लचच नाही. शहरात पाय दुखत नाहीत."

दमयंतीला हायसं वाटलं. देव पावला म्हणायचा.

गाडी चालवून बघायला तिघं निघाले. रावजी चाकावर, शेजारी निशिगंधा, मागे दमयंती. रावजींनी गाडी रस्त्याला घेतली आणि नेहमीप्रमाणे त्यांची पाठ ताठ झाली, मान वर आली. दोन वर्षांत घरात जो माणूस पाय ओढत फिरायचा तो हाच का, असं तिला वाटलं. चाकावरचे ते हात बघून तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार दिवसांनी बरं वाटलं.

परत वळताना रिकामी टोपली काखेला मारलेली एक मासेवाली उजवीकडून रस्त्यात उतरली. चांगली धिप्पाड बाई, हिरवं लुगडं, लांबूनच दिसत होती. रावजींनी गाडी तशीच पुढे नेली.

"काका! काका!" निशिगंधा किंचाळली आणि तिने मधला हँडब्रेक खेचला. गाडी गचकन थांबली. मासेवाली बोनेटपासून हातभर अंतरावर उभी. तिने मग रावजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तो सगळ्या रस्त्याने ऐकला. "डोळे काय गहाण ठेवलेस काय रे, मेल्या!"

रावजींनी काचेच्या कडेकडे बघितलं. मग म्हणाले, "खांबाआड होती ती."

शोरूमच्या आवारात गाडी परत येईपर्यंत निशिगंधाने हँडब्रेकवरचा हात काढला नाही. पण पोरगी शहाणी, हळूच म्हणाली, "काका, पण या गाडीचा खांब खरंच बारीक आहे हो."

"एकतीस वर्षं गाडी हाकलीय मी! तू शिकवणार मला?" रावजी तडकले, दार उघडं टाकून उतरले आणि पाणी प्यायला म्हणून आत निघून गेले.

दमयंती मेल्याहून मेल्यासारखी झाली. "मनावर घेऊ नको गो बाय," ती म्हणाली. बसायला खुर्ची दिसेना, गुडघे तर बोलायला लागले होते. समोर गाडीचं दार उघडंच होतं. ती बसली सरळ ड्रायव्हरच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा.

बसल्यावर तिने सहज समोर बघितलं. मग उजवीकडे. खांब होता की. तिच्या मनगटापेक्षा थोडा जाड. त्याच्यापलीकडे फाटक, फाटकाशी वॉचमन, त्याचं बाकडं, बाकड्याखाली झोपलेलं कुत्रं. तिने मान जरा हलवली तर खांबामागचा नळसुद्धा दिसला. एवढ्याशा खांबाआड ती एवढी बाई मावणार कुठे? आणि निळ्या गाडीतही हेच, लाल गाडीतही हेच. सगळ्या गाड्यांना नेमका तिथेच दोष?

मग एकेक आठवायला लागलं. उजव्या हाताशी ठेवलेला चहा दोनदा सांडला होता. स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा आपटायचा, तिथला रंगसुद्धा गेला होता. ताटात उजवीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि ही म्हणायची, तोंडाची चव गेली वाटतं म्हाताऱ्याच्या. एकदा तर ती चांगली खेकसली होती, आंधळ्यासारखे काय चालता म्हणून. आपण असं बोललो? तिला स्वतःची लाज वाटली.

रावजी परत आले. राग ओसरला होता. दमयंती उतरली. "परत एकदा बसून बघतो," ते पुटपुटले आणि चाकामागे बसले. नजर समोर, दोन्ही हात चाकावर.

दमयंती त्यांच्या उजव्या अंगाला उभी राहिली. खांबामागे नाही, चांगली अलीकडे, उघड्या काचेच्या बाजूला आरशाशी, हात लांब केला तर त्यांच्या गालाला लागेल एवढ्यावर. काही बोलली नाही. हात वर केला. बोटं हलवली.

रावजी समोर बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "अगो, गेलीस कुठे?"

पलीकडच्या दाराशी उभी असलेली निशिगंधा हे बघत होती. तिने तोंडावर हात धरला.

"इथेच हाय मी," दमयंती म्हणाली.

रावजींनी दचकून मान वळवली. एवढ्या जवळ तिला बघून त्यांचा चेहरा पडला. "खांबाआड होतीस," ते म्हणाले.

"नव्हते."

निशिगंधा आपली कागद आणते म्हणून आत गेली. रस्त्यावरून एक एसटी घरघरत गेली तिकडेही रावजींनी बघितलं नाही.

"कधीपासून?" दमयंतीने विचारलं.

"शिमग्याला पालखी नाचवताना कडेचा माणूस दिसेना. आपटलो त्याच्यावर. म्हटलं, गर्दी हाय." त्यांनी चाकावरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. "समोरचं लख्ख दिसतं गो. पेपर वाचतो की मी. नुसती ही कड गेलीय."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर डोंबिवली." ते थांबले. "म्हटलं, एखादी गाडी असेल. बारीक खांबाची. तिच्यात जमेल."

दमयंतीला रडू यायला हवं होतं, आला तो राग. सहा-सात महिने हा माणूस एकटा हे घेऊन हिंडत होता आणि आपण शेजारी झोपत होतो. आणि ती मासेवाली हातभरावर वाचली होती, हातभरावर! बोलायला गेली असती तर दिवस पुरला नसता. पण तिच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"बाई मेली असती आज," एवढंच ती म्हणाली.

"व्हय." रावजींनी डोळे मिटले. "लाव ऋत्विकला फोन. सांग, येतो म्हणून."

तिने पिशवीतून फोन काढला. हातात धरून तशीच उभी राहिली. सातवा मजला तिच्या डोळ्यांपुढे आला, सुनेचं अवघडलेलं हसू आलं, आणि खिडकीत बसवलेला हा माणूस, ज्याला आता उजव्या कडेचं काहीच दिसत नाही. तिने फोन परत पिशवीत टाकला.

निशिगंधा कागद घेऊन दाराशी घुटमळत होती. दमयंतीने तिला हाक मारली. "पोरी, ही बिनक्लचची ना? मला शिकायची झाली तर किती दिवस लागतील? अठ्ठावन्न चालू हाय मला. आणि गोड बोलू नको, खरं सांग."

निशिगंधाने तिच्याकडे बघितलं, तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. "खरं सांगू काकू? वेळ लागेल. तीन महिने धरा. लायसन्स धरून चार. आणि परटवण्याच्या उतारावर पहिल्यांदा रडायला येतं. मला आलं होतं."

"धरले चार."

"तुला सायकल येत नाय गो," रावजी आतून म्हणाले.

"नाय येत. मग?" ती त्यांच्याकडे वळली. "उद्या सकाळी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, रिक्षाने. उरलंय ते तरी सांभाळता येतं का बघू. ऋत्विकला मी सांगते, दिवाळीपर्यंत जमणार नाय, होळीपर्यंत थांब म्हणून. ओरडेल तर ओरडेल. आता उतरा."

"आत्ता?"

"किल्ली नाय फिरवत मी. नुसती बसून बघते. उतरा म्हणते ना."

रावजी उतरले. गाडीच्या पत्र्यावर तळहात टेकून, बोनेटला वळसा घालून ते डाव्या बाजूला गेले. दार त्यांना जरा शोधावं लागलं, कारण त्या बाजूने ते कधी चढलेच नव्हते. बसले आणि हातांचं काय करावं ते न कळून पट्ट्याशी चाळा करत राहिले. दमयंती चाकामागे बसली. तिचे पाय नीट पोचतही नव्हते. बंद गाडीत, शोरूमच्या आवारात दोघं फाटकाकडे बघत बसले. ती इतकी थकली होती की तशीच झोपली असती.

"सीट पुढे घे," बऱ्याच वेळाने रावजी म्हणाले. "खाली दांडा हाय, तो उचल. हां. आता आरसा बघ. तो माझ्या नजरेला लावलाय. तुझ्या नजरेला लाव."

दमयंतीने हात वर केला आणि आरसा स्वतःकडे वळवून घेतला.