खेचरांच्या कॅप्टनचं पदक

मी बोलतोय ते भिंतीवरून नाही, बटणांच्या डब्यातून. तसा मी एका जुन्या मोहिमेचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला परक्या राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला डोंगर. त्या डोंगरातली मोहीम संपल्यावर दीड वर्षाने मी टांकसाळीतून बाहेर पडलो. म्हणजे लढाई काही मी पाहिली नाही. माझ्या मालकांनीही पाहिली नव्हती, पण हे मला फार उशिरा कळलं.

मालक फौजेत कॅप्टन. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलं. पाहुण्याच्या हातात चहाचा कप आला रे आला की गोष्ट सुरू. नदीला पूर, समोरून गोळ्या आणि पाण्यात सगळ्यांत पुढे कॅप्टन.

बायको विणता विणता मान वर न करता म्हणायची, "मागच्या खेपेला पाणी कमरेइतकं होतं."

"पूर चढत होता," कॅप्टन म्हणायचे.

वीस वर्षं तो चढतच होता.

पुढे राजाचं राज्य गेलं. कॅप्टननी मला फिरवून राजाचं तोंड भिंतीकडे केलं. गोष्ट मात्र तीच राहिली.

मग लेकीच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलगा शाळामास्तर, सरळ स्वभावाचा. त्याचे वडील निवृत्त डॉक्टर. घरात पाऊल टाकताच ते माझ्यापाशी थबकले.

"या मोहिमेत मीही होतो," ते म्हणाले आणि चष्मा सारखा करून कॅप्टनकडे बघू लागले. "तुम्ही..."

कॅप्टननी लगबगीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. होणाऱ्या जावयाला त्यांनी आदल्याच आठवड्यात नदी ऐकवली होती.

"बाबांनी तिथे जनरलचा पाय वाचवला," मुलगा अभिमानाने म्हणाला. "सगळे म्हणत होते, आशा सोडा. बाबांनी तीन दिवस पाय सोडला नाही."

आता डॉक्टरांचा चेहरा उतरला. दोघांची नजरानजर झाली.

"वाचवला खरा," कॅप्टन सावकाश म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय. जनरल पुढे त्याच पायावर नाचले."

"आणि हे," डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "गळ्याइतक्या पाण्यात शिरले होते."

बायकोने सुया खाली ठेवल्या. "गळ्यापर्यंत अजून आलं नव्हतं," ती म्हणाली. "तारीख ठरवून टाका. ही माणसं आपल्याला जमतील."

जेवणं झाल्यावर बाकीची मंडळी बागेत गेली. दोघेच उरले, तेव्हा खरं बाहेर आलं. डॉक्टर जनावरांचे. पाय जनरलच्या घोड्याचा. कॅप्टनकडे फौजेची खेचरं होती आणि गोळीबार संपला तेव्हा ते चार मैल मागे, नदीत फतकल मारून बसलेल्या एका खेचराची समजूत घालत होते. पाणी घोट्याइतकं. दोघं इतके हसले की डॉक्टरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पण परत येताना?" डॉक्टरांनी विचारलं. "खिंडीत बर्फ पडत होतं. पाठीवर जखमी माणसं घेऊन दोनशे चाळीस खेचरं तुम्ही पार केलीत. मी मोजली होती. ते का नाही सांगत?"

"खेचरांचं कोण ऐकणार?"

"मी ऐकतो. सांगा."

कॅप्टन सांगू लागले. अडखळत, आठवून आठवून, एकेका खेचराच्या नावासकट. बायको दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. त्या दिवशी तिने एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही.

"हे मला कधी बोलला नाहीत," एवढंच म्हणाली आणि शेजारी बसली.

आज ती तिघंही नाहीत. मी लेकीच्या घरी आहे, अंग काळवंडलंय, चौकट कधीच फुटली. मला घासूनपुसून पुन्हा टांगू नका, एवढी विनंती आहे. भिंतीवर गेलं की पाहुणे दिसतात, आणि पाहुणे दिसले की काहीतरी मोठं सांगावंसं वाटतं. फक्त बटण शोधायला डबा उघडलात, तर माझ्या कडेवर कोरलेलं नाव अंगठ्याने जरा पुसा. माणूस खेचरांचा होता, पण चांगला होता.