गप्प राहण्याचा हक्क

पंचशीलचा फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. हा माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत नोकरीला. तिकडे रात्र होती.

"ताई, एक म्हातारी माझ्या गाडीखाली आली. सिग्नल हिरवा होता, कसम से. ॲम्ब्युलन्स घेऊन गेली तिला. आता पोलीस येतायत."

मी इंदूरच्या एका लॉ कॉलेजात अमेरिकेचं संविधान शिकवते. तिथल्या सुप्रीम कोर्टाचा मिरांडा निकाल मला तोंडपाठ: पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाला गप्प राहण्याचा हक्क आहे आणि चौकशीआधी तो पोलिसांनीच त्याला सांगायचा. मी तोऱ्यात म्हटलं, "कुछ भी पूछे, तोंड उघडू नको."

"ठीक है ताई," तो म्हणाला. नंतर त्याचा फोन बंदच झाला.

रिक्षात बसल्यावर मला पुढचं आठवलं. मिरांडानंतर चव्वेचाळीस वर्षांनी त्याच कोर्टाने आणखी एक निकाल दिला होता. नुसतं गप्प बसून हा हक्क मिळत नाही, 'मला गप्प राहायचंय' असं तोंडाने सांगावं लागतं. नाहीतर पोलीस विचारत राहू शकतात आणि शेवटी तोंडातून जे निघेल ते कोर्टात पुरावा म्हणून चालतं. त्या खटल्यातला माणूस जवळजवळ तीन तास गप्प होता, मग दोन-तीन प्रश्नांना 'हो' म्हणाला आणि त्यातच अडकला. हे मी दरवर्षी शिकवते! 'मला वकील हवा' एवढं म्हण, हेही त्याला सांगितलं नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

रिक्षा परत घराकडे वळवली. त्याचा फोन लावत राहिले. लागेना. मग त्याचा रूममेट निखिल, त्याला वकील शोधायला पिटाळलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणजे शंकरराव, सांवेर रोडच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन बसले. आई भाचीच्या घरी महूला गेली होती. तिला कळवायची हिंमत आमच्या दोघांतही नव्हती. माझ्या मनात एकच चित्र: बंद खोली, समोर साहेब, आणि माझ्या शब्दाला जागून ओठ घट्ट मिटून बसलेला आमचा पंचशील. कोणी मोठ्याने बोललं तर लहानपणी तो लगेच रडायचा.

दुपारी निखिलचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"दीदी, वकील पोचले, पण उशिरा. म्हातारी बाई वारली. पंचशील बहोत देर चुप होता. मग त्या ऑफिसरने पाणी दिलं, नीट बोलला, विचारलं, तिच्या घरच्यांना काही सांगायचंय का? तर हा म्हणाला, सॉरी सर, माझी चूक झाली."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघ! मैंने ही तो सिखाया उसको. साहेब समोर असला की आधी 'गलती हो गई साब' म्हणायचं, मग आपली बाजू सांगायची. कारखान्यात असंच मिटायचं सगळं. आता सोडतील ना बेटा?"

मी फोन ठेवला. खोटं बोलवेना.

"नाही बाबा. तिथे ती कबुली झाली. त्याच्याच शब्दांवर त्याला जेलमध्ये टाकतील."



"पण संबोधी," बाबा हळूच म्हणाले, "बाई मेली ना. मग काय म्हणायला पाहिजे होतं त्याने?"