कुलूपवाल्याची मास्तरीण

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्याजोगी नाही. एका कुलूपवाल्याची आहे, त्याच्या मांजरीची आहे, आणि एका दुपारची आहे. देवाचं नाव घेऊन सुरुवात करू. मध्ये कुणाला खोकला आला तर खुशाल खोका, पण उठून जाऊ नका.

म्हाताऱ्याचा सगळा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या त्याने घासून दिल्या, अडकलेली कपाटं उघडून दिली, आणि स्वतःच्या दाराला मात्र दिवसा कधी कडी घातली नाही. लोक थट्टा करायचे, "काय हो, चोरांशी ठरलंय का तुमचं?" तो म्हणायचा, "चोरांशी नाही, आमच्या मास्तरीणबाईंशी."

मास्तरीण म्हणजे त्यांची मांजर. राखाडी, अंगाने भरलेली, एक कान दुमडलेला. म्हातारा कानस चालवायला लागला की समोर बसून टक लावून बघायची, आणि हात चुकला की शेपटी आपटायची, असं तो शपथेवर सांगे. दार बंद दिसलं की बाहेर बसून असा सूर लावायची की शेजाऱ्यांना वाटावं, घरात कुणी गेलं. म्हणून दार नेहमी चार बोटं उघडं. त्याची नात ठकी चालायला शिकली तीच मुळी मास्तरिणीच्या शेपटीमागून. मांजर दारातून बाहेर, की ठकी बाहेर. मांजर पलंगाखाली, की ठकी पलंगाखाली. दोघींना एकदमच ओढून काढावं लागे.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि घर पाडायचं निघालं. सामान बांधायला घेतलं त्याच आठवड्यात मास्तरीण गेली. म्हातारी झालीच होती. किल्ल्यांच्या डब्याशेजारी झोपली ती उठली नाही. म्हाताऱ्याने तिला मागच्या भिंतीशी पुरलं, हात धुतले आणि पुन्हा खोकी बांधायला बसला. त्या दिवसापासून त्याने तिचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. ठकी विचारायची, "तीण?" तिला नावातलं तेवढंच जमायचं. की हा लगेच तिला खिडकीतून काहीतरी दुसरंच दाखवायचा.

नवं घर एका उंच इमारतीत मिळालं, राहायला तयार झालेल्या शेवटच्या मजल्यावर. त्याच्या वरचा मजला अजून बांधायचा चाललेला. लिफ्ट बसली नव्हती, तिचा खड्डा तेवढा वरपासून खालपर्यंत आ वासून होता. आणि घराचं दार असं, की सोडलं की आपोआप लागायचं. खटका आत बसला की बाहेरून किल्लीवाचून उघडायचं नाही. म्हाताऱ्याला ते दार पहिल्या दिवसापासून आवडलं नव्हतं. दुकान राहिलं नाही, हातांना काम राहिलं नाही. राहिली ती ठकी, आणि खिशात जुन्या, कुलपं नसलेल्या किल्ल्यांचा एक जुडगा.

पहिल्याच आठवड्यात सुनेला दोनदा दार नुसतं लोटलेलं सापडलं. दुसऱ्या वेळी तिने खटक्याच्या खाचेतून एक गंजकी किल्ली उपसून काढली आणि सासऱ्यापुढे धरली.

"बाबा, हे काय आहे?"

"किल्ली."

"ते दिसतंय मला. कुणासाठी लावलीत?"

म्हाताऱ्याने ती तिच्या हातातून घेतली आणि जुडग्यात ओवली.

"आता आपण तळमजल्यावर नाही," सून म्हणाली. "वरच्या जिन्याला कठडा नाही. लिफ्टचा खड्डा उघडा. आणि मी कामावर जायला लागणार. तिथं औषधांच्या दुकानात मी गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्या देत असेन आणि माझं निम्मं लक्ष या दारात. चुकीची गोळी गेली कुणाच्या पोटात तर? पुन्हा एकदा दार असं दिसलं ना, की ठकीला मी पाळणाघरात घालणार. राग मानू नका."

"राग कसला." त्याने विचारलं, "पाळणाघरात किल्ल्या असतात का गं खेळायला?"

"बाबा."

"नाही, विचारलं आपलं."

तेव्हापासून म्हातारा दार लावल्यावर उलट्या हाताने दोनदा ढकलून बघू लागला. देवाला फूल वाहावं तितक्या काळजीने. चूक करणारा माणूस सुधारायला लागला की किती जपून वागतो, पाहिलंय ना तुम्ही?

आता त्या दुपारचं ऐका. दुसऱ्या दिवशी सून कामावर हजर होणार होती. जेवणं झाली होती. मुलगा बस चालवतो, तो त्याच्या फेरीवर. ठकी आजोबाच्या कुशीत झोपली आणि तिला थोपटता थोपटता आजोबाही झोपला. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीकडून आणलेलं स्टूल परत द्यायचं राहिलं होतं, ते घेऊन सून खाली गेली. शिवणवाली म्हणजे तोंडात टाचण्या धरूनही बोलणारी बाई. जरा गप्पा झाल्या. सून वर आली, दार लोटून आत शिरली, पंख्याखाली उभी राहिली, आणि तिचं लक्ष पलंगाकडे गेलं.

म्हाताऱ्याच्या कुशीत नुसती उशी होती.

"बाबा, ठकी कुठंय?"

तो धडपडत उठला. न्हाणीघर पाहिलं. पलंगाखाली, पडद्यामागे पाहिलं. गॅलरीला जाळी होती, तरी दोघांनी जाळीतून खाली पाहिलं. मग सून दाराशी धावली आणि तिने हात लावताच ते उघडलं. खटका बसलेलाच नव्हता.

"तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सांगितलं होतं ना मी? हात जोडून सांगितलं होतं. एका मेलेल्या मांजरीपायी माझी पोर..."

किल्ली न लावता आपण आत कशा आलो, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

इथे एक सांगायचं राहिलं. जुन्या घरी दार वाऱ्याने लागू नये म्हणून जाणारा-येणारा प्रत्येक जण फटीत काहीतरी अडकवून ठेवी. म्हातारा किल्ली लावी. मुलगा वर्तमानपत्राची घडी घाली. आणि सून, जी "हिचे केस भाजीत, हिचे केस उशीवर" म्हणून मास्तरिणीला दिवसभर बोल लावायची, ती खांद्यावरचं ओट्याचं फडकं चौपदरी करून खुपसायची.

म्हाताऱ्याने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. खटक्याच्या खाचेत पिवळ्या चौकटीचं फडकं होतं. चौपदरी. अजून ओलं.

सून त्याच्याकडेच बघत होती, चौकटीकडे नाही. त्याने आपलं अंग आड केलं, फडकं उपसलं आणि खिशात कोंबलं.

"चूक झाली," तो म्हणाला. कुणाची, ते म्हणाला नाही. "आधी पोर शोधू. मग काय बोलायचंय ते बोल."

"मी खालूनच आले. जिन्यात नव्हती."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वर पाहिलं.

वरच्या जिन्याला कठड्याऐवजी दोरी बांधलेली होती. सून दोन-दोन पायऱ्या चढत पुढे, म्हातारा भिंतीला धरत मागे. वरच्या टोकाला फरशीवाला उभा होता. जेवून सिमेंटच्या पोत्यांवर आडवा झालेला, नुकताच जागा झालेला गडी. त्याने मागे न वळता हाताचा पंजा दाखवला.

"आवाज नको, बाई," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

लिफ्टच्या खड्ड्याला दार नव्हतं. कामगारांनी त्यावर एक फळी आडवी टाकली होती, या काठापासून त्या काठापर्यंत. त्या फळीवर ठकी बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात फरशीचे तुकडे. एक तुकडा उचलायची, खाली सोडायची आणि कान देऊन ऐकायची. बऱ्याच वेळाने खोल कुठेतरी टुक् वाजायचं, आणि ती गालात हसायची.

"उचलू का झटकन?" फरशीवाल्याने विचारलं.

सुनेने एक पाऊल टाकलं. ठकीने वर पाहिलं. आई दिसली, आणि तिच्या डोळ्यांत ती चमक आली. अंघोळीच्या वेळी यायची तीच. कुणी धरायला आलं की पळायचं, हा तिचा रोजचा लाडका खेळ. ती बसल्या बसल्या मागे सरकली, फळीच्या मध्यावर. फळी लवली.

म्हाताऱ्याने सुनेचं मनगट धरलं. कानस धरणारा पंजा तो, सुटायचा नाही.

"मागं हो. त्या खांबाआड. तू दिसलीस की ती पळणार, आणि तिथं पळायला जागा नाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

"तिच्याकडे पाठ करून बसणार."

"बाबा, शुद्धीवर आहात का?"

"आहे. एकदा आपली मांजर शेजारच्या पत्र्याच्या टोकाला जाऊन बसली होती. सगळे हाका मारत होते, ती मागं मागं जात होती. मी खाली पाठ करून कामाला बसलो, तेव्हा आली. ही तिच्याच हाताखाली शिकलेली आहे. मागं हो, पोरी."

आता सांगा, ज्याच्यामुळे आपलं लेकरू मरणाच्या काठावर गेलं असं जिला वाटतंय, तिने त्याच माणसाचं का ऐकावं? पण दुसरा उपाय तिलाही दिसेना. ती खांबाआड गेली. फरशीवाला होता तिथेच खिळून राहिला.

म्हातारा चार पावलं पुढे गेला आणि खड्ड्याकडे पाठ करून मांडी घालून बसला. गुडघे कडाडले. खिशातला जुडगा काढून त्याने कडी सोडवली आणि किल्ल्या जमिनीवर ओतल्या. त्या आवाजासरशी मागचं टुक् थांबलं.

पहिल्यांदा त्याच्या तोंडून नुसती हवा आली. इतक्या दिवसांत ते नाव घेतलंच नव्हतं. त्याने एक किल्ली उचलली.

"या, मास्तरीणबाई," तो म्हणाला. रोज दुकानात म्हणायचा तसंच. "आज उशीर केलात. बसा. ही बघा, डॉक्टरांच्या कपाटाची. दात पडलेत बिचारीचे, तुमच्यासारखेच. आणि ही कुणाची? आठवत नाही? मग कसल्या मास्तरीण तुम्ही?"

मागून काहीच आवाज नाही. फळीचा नाही, पोरीचा नाही. त्याला वळायचं नव्हतं. खांबाआडून सुनेचा चेहरा मात्र त्याला दिसत होता, आणि आपली नात त्याला फक्त त्या चेहऱ्यात दिसत होती. तो चेहरा ताठ होता, म्हणजे पोर अजून आहे. तो बोलत राहिला. पेटीची किल्ली, सायकलची किल्ली, कुण्या नवऱ्याने बायकोपासून लपवलेल्या डब्याची किल्ली.

सुनेच्या डोळ्यांत घाम उतरला. पुसायला तिने नेहमीसारखा खांद्यावर हात टाकला. खांद्यावर काही नव्हतं. तिने दुसरा खांदा चाचपला. आणि मग तिला मघाचे तिचेच हात दिसले: एका हातात स्टूल, दुसऱ्याने केलेली चौपदरी घडी, चौकटीची खाच.

तिचा चेहरा एकदम कोसळला. तोंड उघडलं, तिने त्यावर दोन्ही हात दाबले.

म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, पोर पडली. खालचा आवाज ऐकायला त्याने श्वास रोखला. देवा, आवाज येऊ देऊ नकोस, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

पाठीवर धुळीचा एक छोटासा पंजा टेकला.

"तीण?" ठकी त्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाली.

त्याने तेव्हाही झडप घातली नाही. मांडीवर जागा केली, ती आपली आपण येऊन बसली, मग त्याने दोन्ही हातांची मिठी घातली. फरशीवाल्याने एक जाड पत्रा ओढत आणला, खड्ड्याच्या तोंडाशी उभा केला आणि स्वतः त्याला टेकून बसला.

"तीण कुठंय?" ठकीने विचारलं.

खिडकीतून काही दाखवण्यासारखं तिथे नव्हतं. "नाही आली, बाळा," म्हातारा म्हणाला. "आता येणार नाही ती. मेली आपली मास्तरीण." आणि एवढ्या दिवसांचं थांबलेलं त्याच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. ठकीने ते बोटाने पुसून बघितलं.

सून सरपटत आली आणि त्या सिमेंटच्या धुळीतच दोघांना धरून बसली.

"बाबा, फडकं माझं होतं."

"माहीत आहे."

"तुम्ही बोलला नाहीत."

"बोलत बसलो असतो तर वर कोण आलं असतं?"

"मी तुम्हाला काय काय बोलले."

"मांजर मेली म्हणालीस. ते खरंच आहे."

तिने ठकीच्या फ्रॉकवरची धूळ झटकली आणि म्हणाली, "मला ती आवडतही नव्हती. मग कुणासाठी ठेवलं मी ते?"

"तुझ्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं ती गेल्याचं," म्हातारा म्हणाला. "माझ्याही."

संध्याकाळी त्याने फरशीवाल्याकडून ड्रिल मागून आणलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, उंचावर, पोरीचा हात पोहोचणार नाही अशी एक भक्कम कडी बसवली. जन्मभर लोकांची दारं राखणाऱ्याने स्वतःच्या दाराला दिवसाही घालायची म्हणून बसवलेली पहिली कडी. मुलगा कामावरून आला, त्याने ती कडी वरखाली करून पाहिली, बायकोचे सुजलेले डोळे पाहिले, बापाचे पाहिले, आणि शहाणा म्हणून जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही. सकाळी सून कामावर निघाली. पाळणाघराचं नाव निघालं नाही. दारात वळून एवढंच म्हणाली, "मी गेले की कडी घाला, बाबा. आणि हिला मास्तरिणीच्या गोष्टी सांगा. विसरेल नाहीतर, लहान आहे."

गोष्ट संपली. आता तुमच्याकडे एकच मागणं आहे. माणसांची आठवण काढायला माणसं असतात. त्या राखाडी, दुमडल्या कानाच्या बाईला मात्र एक कुलूपवाला, एक सून आणि एक पोर सोडून दुसरं कोण आहे? तेव्हा आज घरी जाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की शेवटी मास्तरिणीचंही नाव घ्या.