कालिनाच्या वासाचा कोट

मित्रांनो, मी एक जुना, कापूस भरलेला कोट आहे. माझी गोष्ट मी बाहीपासून सांगतो, कारण शिवणयंत्रावरचा जन्म मला आठवतच नाही.

उजवी बाही.

तिच्यावर सात वर्षांचा डाग आहे. तेव्हा मे महिन्यात, रशियातल्या कोस्त्रोमाच्या जंगलाकडेला, कालिना नावाची मूस, म्हणजे दुधासाठी पाळलेली घोड्याएवढी रानहरणी, व्याली. तिची मालकीण ग्लाफिराबाईंनी मला अंगात घालून वासराच्या ओल्या अंगावरून माझी बाही फिरवली. कालिनाने ती चाटली, मग बाईंचा गालही चाटला. खरे वासरू गोठ्यात बाटलीच्या दुधावर वाढले. कालिनाच्या लेखी मात्र बाईच वासरू झाल्या, आणि मी त्या वासराची कातडी.

कालिना दिवसभर मोकळी. वाळुंजाच्या डहाळ्या ओरबाडायची, दलदलीत पोटापर्यंत उतरून, डोके बुडवून पाणवेली खायची. सकाळ-संध्याकाळ दूध द्यायला आपल्या पायांनी यायची. दोर नाही, कुंपण नाही. मूसला दिसते कमी. तिचे सगळे जग नाकात असते.

डावा खिसा.

त्यात कालिनासाठी मीठ लावलेला काळा पाव असे. तो नव्या सुनेला, रिम्माला, सापडला.

"आई, या कोटाला गुरांचा वास येतोय."

"मग? गुरासाठीच आहे तो."

रविवारी बाई गावात गेल्या आणि रिम्माने मला साबणाच्या गरम पाण्यात बुडवले. प्रेमानेच. उसवलेला खिसाही शिवला. मी पहिल्यांदा स्वच्छ झालो, आणि कुणाचाच उरलो नाही.

संध्याकाळी बाईंनी मला दमटच अंगात घातले, आणि कालिनाने मला हुंगले. कान मागे गेले, वशिंडावरचे केस ताठ झाले, पुढचा खूर उचलला गेला.

"मागे या, आई," रिम्मा पुटपुटली.

कालिनाच मागे वळली. जंगलात गेली.

(इथे माझी शिवण सुटली आहे. त्यातून तीन दिवस गळून गेले. कालिना आली नाही. दूध आटले की ती कायमची रानाची होणार, आणि शरदात शिकारी येणार.)

"चार शिव्या तरी द्या मला," रिम्मा म्हणाली.

"शिव्यांनी वास परत आला असता तर दिल्या असत्या. चल."

पाठ.

दुपारी दलदलीकाठी दबलेले गवत दिसले. कालिनाची बसायची जागा. बाईंनी मला तिथे पसरले आणि वारा आपला वास तिच्याकडे नेणार नाही अशा अंगाला दोघी लांब जाऊन बसल्या. कालिना पाण्यातून आली. खूप वेळ हुंगत राहिली. मग माझ्यावरच बसून रवंथ करू लागली. मित्रांनो, मला थंडीसाठी शिवले होते, पण ऊब काय असते ते मला त्या दुपारी कळले.

ती उठल्यावर बाईंनी मला उचलले, ओला, चिखलाने माखलेला, आणि रिम्माच्या खांद्यांवर टाकले.

"मी कशाला?"

"माझे गुडघे गेले. सात वर्षं वासरू होते मी. आणि धुतलास तू, आता वासही तूच घे."

कालिनाची लांब जीभ रिम्माच्या कानावरून फिरली.

"खरखरीत आहे हो."

"हलू नकोस. वासरं हलत नाहीत."

त्या संध्याकाळी दूध रिम्माने काढले. ग्लाफिराबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांची रिकामी बोटे मात्र आपोआप मिटत होती, उघडत होती.

आता मी गोठ्यातल्या खिळ्यावर असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. फक्त साबण काढण्याआधी एकदा विचारा, हिला कोण ओळखते?