पत्र्याची सावली

तळकोकणातून येणाऱ्या एस.टी.त संयोगिताचा थर्माकोलचा डबा ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेला असे. वर चिकटपट्टी आणि त्यावर वनखात्याची परवानगी. कंडक्टरला आधी वाटायचं, मासे असतील. एकदा तिने खरं काय ते सांगितलं, की आत समुद्री कासवांची न फुटलेली, मेलेली अंडी आहेत. तेव्हापासून कोल्हापूरच्या स्टँडवर तो तिला डबा दोन बोटांनी उचलून द्यायचा आणि हात पँटला पुसायचा.

डबा हलका असायचा, म्हणजे मेलेली अंडी थोडीच असायची. सगळ्या संशोधनात समाधानाची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती.

कोल्हापुरात राहून समुद्री कासवांवर संशोधन करणं म्हणजे तांबड्या रश्श्यासमोर बसून उपासावर पुस्तक लिहिणं, असं कॉलेजातले सहकारी म्हणत. पण सूक्ष्मदर्शक इथं होता, रसायनं इथं होती आणि नोकरीही इथंच होती. समुद्राकाठी फक्त समुद्र होता.

कासवाच्या अंड्यात नर निपजणार की मादी, हे आईबाप ठरवत नाहीत. वाळू ठरवते. वाळू गार असली तर नर, तापलेली असली तर मादी. पिल्लाला वरून बघून काही कळत नाही. त्यासाठी मेलेल्या पिल्लाच्या पोटातला, भाताच्या शिताहून लहान असा अवयव काढायचा, कापायचा, रंगवायचा आणि काचेखाली बघायचा. हे काम संयोगिता आणि तिची गडहिंग्लजची विद्यार्थिनी शिवलीला करत. पहिल्या वर्षी शिवलीला प्रत्येक काच बघून मोठ्याने "मादी" म्हणायची. दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवायची. तिसऱ्या वर्षी तेही बंद झालं.

"एखादा तरी नर निघाला, तर मी अंबाबाईची ओटी भरीन, मॅडम," ती एकदा म्हणाली. मग पुढची काच सरकवत म्हणाली, "आमच्या अज्जीनं पण असंच बोललं होतं. मग मी झाले."

गेल्या वर्षी संयोगिताने कासवं वाचवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत सावली मागितली होती. किनाऱ्यावर कुंपण घालून गावकरी कासवांची अंडी तिथं पुरत, म्हणजे कुत्री-कोल्ही खात नाहीत. त्या कुंपणावर नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालावा, वाळू गार राहील, एवढंच तिचं म्हणणं. संस्थेचे उपाध्यक्ष बाळासो यांनी हात वर करून तिला थांबवलं होतं.

"झावळ्या? आपल्यात काय कमी हाय व्हय, मॅडम?"

आणि त्यांनी स्वखर्चाने पत्र्याची शेड घालून दिली. तिन्ही बाजूंनी बंद, कारण वारा आत शिरला तर ऊब जाते, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या बाजूला दार, आणि दारावर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी. शास्त्राने सावली मागितली होती आणि सावली मिळाली होती. तक्रार करायला जागाच नव्हती. वाळूत पुरलेली तापमापी तेवढी तक्रार करत होती. शेडमधली वाळू उघड्या वाळूपेक्षा जास्त तापत होती.

या हंगामात शेड अंड्यांनी भरली. अंडी आता अर्ध्या वाटेवर आली होती, आणि नर की मादी हे ठरतं ते नेमकं याच काळात. पत्रा आता निघाला तर काही नर निपजतील. नाही निघाला आणि ऊन असंच वाढत गेलं, तर माद्याही निपजणार नाहीत. संयोगिता कागलला गेली.

कागलला बाळासोंची हॅचरी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांची पिल्लं तिथं तयार होत. एका पट्ट्यावरून पिवळा किलबिलाट सरकत येत होता. बायका एकेक पिल्लू उचलून, उलटं करून बघत आणि डावीकडे नाही तर उजवीकडे टाकत. डावीकडे जाळीचे ट्रे होते, उजवीकडे निळा ड्रम.

"अण्णा, उजवीकडचे?"

"नर." बाळासोंनी चहा पुढे केला. "अंडं देत न्हाय, खातंय मातर बरोबरीनं. काय करायचंय त्याला?"

ड्रममधून आवाज येत होता. संयोगिताने खुर्ची जरा वळवून घेतली.

"अण्णा, तीन हंगाम झाले. आपल्या किनाऱ्यावर सगळ्या माद्याच निघतायत. एकही नर नाही."

बाळासोंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला.

"एक बी न्हाय?"

"नाही."

"मॅडम, आमच्यात अजून निम्मं नर येत्यात. बापाच्या काळापास्नं निम्मंच. तुमी हे जमवलं कसं?"

"जमवलं नाही, अण्णा. बिघडलंय. उद्या नरच नसले तर पंधरा-वीस वर्षांनी ह्या माद्या किनाऱ्यावर येतील, अंडी घालतील, आणि त्यातनं काही निघणार नाही."

"पंधरा-वीस वर्सांनी." बाळासोंनी तो आकडा दूरच्या सोयऱ्यासारखा आदराने ऐकून घेतला. "तवा मी नसतोय, तुमी रिटायर. बघतील की तवाची माणसं. आणि नर लागतोय कितीसा? धा कोंबड्यांस्नी एक पुरतोय. समुद्र एवढा मोठा, असंल की कुठंतरी एखादा."

"पत्रा काढू या. महिनाभर तरी."

"पुढच्या महिन्यात उद्घाटन हाय त्याचं. पावणं ठरल्यात. पत्रा काढला तर उद्घाटन कशाचं करू, वाळूचं?"

"मग बाजू तरी उघडा. ऊब आणखी वाढली तर अंडी आतल्या आत मरतील."

बाळासो उठले. त्यांनी तिला उबवणी यंत्रापाशी नेलं आणि काचेवर चमकणाऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. सदतीस आणि वर थोडं.

"ह्या आकड्यावर आमचं घर उभं हाय. उबंनं जीव मरत न्हाय, मॅडम. उबंनं जीव येतोय."

"हे कोंबडीचं झालं."

"अंडं ते अंडंच की."

दोघं परत येऊन बसले तेव्हा ड्रमवर झाकण होतं. आवाज येत नव्हता.

वनखात्यातले साहेब फोनवर फार गोड बोलले. त्यांना सगळं पटलं. पण शेड अजून देणगीदाराच्या ताब्यात आहे, उद्घाटन झाल्यावरच खात्याकडे येईल, तोवर तिच्या स्क्रूला हात लावणं बरं दिसणार नाही, असं ते म्हणाले. शेवटी शिवलीला पर्समध्ये पाना घालून घाट उतरली. राखणदाराने तिला सोलकढी दिली, बसायला खुर्ची दिली, आणि पाना बघितल्यावर अण्णांना फोन लावून दिला. ती परत आली ती पाना तसाच पर्समध्ये घेऊन.

"वाळूत हात घातला मी," एवढंच ती म्हणाली. "तव्यावर ठेवल्यागत."

त्याच आठवड्यात संस्थेने कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या सभागृहात संयोगिताचा सत्कार ठेवला. व्यासपीठामागे फ्लेक्स होता. त्यावर एक कासव, एक शाळकरी मुलगी आणि दोघींपेक्षा मोठे बाळासो. खाली मजकूर: 'लेक वाचवा, कासव वाचवा'. संयोगिताला फेटा बांधण्यात आला. बाळासो बोलायला उठले आणि खरोखर गहिवरले.

"आपल्यात पोरगा झाला की पेढं, पोरगी झाली की बर्फी. लाज वाटाय पायजे आपल्याला. आमच्या किनाऱ्यावर समद्या लेकी जन्मल्यात. एक बी पोरगा न्हाय. आणि मी आज पेढं वाटणार."

टाळ्या थांबेनात. ज्यांच्या घरात मुलगा होईपर्यंत नवस चालले होते, ते जास्त जोराने वाजवत होते.

संयोगिताने माईक घेतला. आभार मानले नाहीत. नर उरले नाहीत, हे तिने सांगितलं. पत्रा याच आठवड्यात निघाला नाही तर या हंगामात एकही पिल्लू समुद्रात जाणार नाही, हेही सांगितलं. तिने एकही अवघड शब्द वापरला नाही. सभागृह शांत झालं. क्षणभर तिला वाटलं, पोचलं.

"बाप्या माणसांचा उपेग तसा काय हाय म्हणा," पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, आणि सभागृह हसण्यात बुडालं. बाळासो सगळ्यांत जास्त हसले. आभार मानणाऱ्याने हळूच तिच्या हातातून माईक काढून घेतला. पेढे चांगले होते.

उद्घाटन थाटात झालं. फीत कापली, पाहुण्यांनी आत डोकावून घाम पुसला, फोटो छापून आले. अंड्यांची अर्धी वाट कधीच संपली होती. पिल्लं वर यायचा काळ आला. मग तोही गेला. संयोगिता राखणदाराला रोज फोन करायची, तो रोज "अजून न्हाय" म्हणायचा. पुढं पुढं तो फोन उचलेनासा झाला.

एके दुपारी बाळासोंचाच फोन आला. शिवलीला समोर काचा पुसत होती. फोन टेबलावर होता आणि बाळासोंचा आवाज खोलीभर.

"मॅडम, आत्ता किनाऱ्यावरच हाय मी. काळजी करू नगासा. वाळू उकरून बघितली. अंडी कशी झकास हायत, एकाला तडा न्हाय. हलत मातर न्हाईत. मी काय म्हणतो, ऊब कमी पडत असंल काय? हॅचरीतलं दिवं मागवून घेतल्यात. संध्याकाळपर्यंत लागत्यात."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि त्यात पत्रा वाजत होता.

"ऐकायला येतंय न्हवं? हॅलो?"

तिने फोन ठेवला. पुसून झालेल्या काचांचा ढीग शिवलीलाने आपल्याकडे ओढला. त्या पुरणार नव्हत्या.

"या वेळी एस.टी. स्टँडवर दोघी जाऊ," संयोगिता म्हणाली. "डबा जड असेल."