कोलमन सुरक्षित आहे

“कुणाची पेटी ही?” कोलमन टूहीने विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

“तुझीच. किलमोरनची,” त्याचा जुना कार्यकर्ता मॉसी ब्रेहनी कठड्यावर ओणवा होत म्हणाला. “आता बघ, सकाळपासूनची सगळी कसर भरून निघते की नाही.”

टेबलावर पेटी उपडी झाली. मतमोजणीवाल्या बायका एकेक कागद उलगडू लागल्या आणि कठड्याअलीकडे कुणाला किती ते टिपायला मॉसीची पेन्सिल सरसावली. या देशात मतदार शिक्का मारत नाही. नावांपुढे आपल्या पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे घालतो. एकेका पक्षाचे दोन-दोन उमेदवार उभे असतात, त्यामुळे माणसाचा खरा वैरी त्याच्याच पक्षात सापडतो. कठड्याला टेकलेल्या जाणत्यांना कागद उलगडतानाच कळतं, कुठल्या गावाने कुणाला हात दिला आणि कुणाला दाखवला.

“काहल,” मॉसीने पक्षातल्या दुसऱ्या उमेदवाराचं नाव पुटपुटलं. “काहल. तू. काहल. परत काहल.” मग नुसती पेन्सिल चालत राहिली.

हे कोलमनचं गाव होतं. इथे त्याचा बाप पुरला होता.

वीस-बावीस वर्षं तो डेप्युटी, म्हणजे खासदार, होता. डब्लिनच्या संसदेत त्याने तोंड उघडलेलं कुणाला फारसं आठवत नव्हतं, पण मतदारसंघातला एकही मुडदा त्याच्या हस्तांदोलनाशिवाय मातीत गेला नाही. सकाळी दाढी करताना तो रेडिओवरच्या मृत्यूवार्ता ऐके आणि त्याप्रमाणे दिवस आखे. शनिवारी हॅनलीच्या पबमागच्या खोलीत बसून लोकांची गाऱ्हाणी ऐके. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाला टेलिफोन हवा असलेला. एरवीही मिळालंच असतं ते मिळालं, की पत्र मात्र कोलमनच्या सहीचं घरी पोचे.

आणि त्याच्याकडे एक हुकमी डाव होता. मतदानाच्या आदल्या आठवड्यात त्याची माणसं पबांतून आणि चर्चच्या दारांतून कानाशी लागत: “पक्षाचा दुसरा माणूस निवडून आल्यातच जमा आहे हो. कोलमनचं मात्र काही खरं नाही. बुडतोय बिचारा.” लोक हळहळत आणि पहिला नंबर कोलमनला देत. त्याचा आधीचा जोडीदार लूबी मास्तर असाच सुरक्षित राहून निवडणुकीत आडवा झाला. त्यानंतर तो घराबाहेर फारसा पडला नाही आणि चार वर्षांत गेला. कोलमन त्याच्या मयताला पहिल्या रांगेत होता, डोळे पुसत.

यंदाचा जोडीदार होता काहल डर्कन. आधी बरीच वर्षं तो कोलमनची गाडी चालवायचा. त्याने कोलमनबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. उलट जिथे जाईल तिथे गोडवे गायला: “आमचे डेप्युटी? त्यांना कोण पाडणार! डोळे मिटून येतील. माझंच काय ते बघा.” गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांनी कोलमनला विचारलंही होतं, “सुरक्षित आहेस ना रे?” तेव्हा कोलमनने पडेल चेहरा करायला हवा होता. आयुष्यभर तो तेच करत आला होता. पण त्या दिवशी ऊन छान पडलं होतं, लोक कौतुकाने बघत होते, आणि तो छाती काढून हसला. “मला काय धाड भरलीय!” म्हणाला. वाऱ्यासारखं ते गावभर झालं.

संध्याकाळपर्यंत फेरीमागून फेरी झाली आणि अधिकाऱ्याने माइकवर कोलमन टूही बाद झाल्याचं जाहीर केलं. पोरांनी काहलला खांद्यावर घेतलं. इकडे कोलमनपुढे आपोआप रांग लागली, थेट मयताच्या घरी लागते तशी.

“फार वाईट झालं बाबा,” म्हातारी डेलिया स्कॅलन त्याचा हात धरून रडली. “तू सुरक्षित आहेस म्हणाले म्हणून त्या पोराला दिला पहिला. दुसरा तुलाच हं! देवाशप्पथ.”

“असू दे, डेलिया. कंबर काय म्हणतेय तुझी?”

मागचाही तेच म्हणाला. त्याच्या मागचाही. सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. कोलमन प्रत्येकाचा हात सवयीने दोन्ही हातांत घेत राहिला. शेवटी काहल आला. त्याचे डोळे खरोखरच ओले होते.

“डेप्युटी, जे काही शिकलो ते तुमच्याकडूनच.”

कोलमनला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याने त्याची पाठ थोपटली, कारण छायाचित्रकार समोर उभा होता.

बाहेरच्या बोळात त्याची बायको इटा बाकावर बसली होती. मांडीवर डबा, शेजारी चहाचा थर्मास. तो तिच्याजवळ धपकन बसला.

“सगळं गाव उलटलं गं. निदान आपल्या घरातली दोन मतं तरी माझी होती.”

“एक,” इटा डबा उघडत म्हणाली.

“म्हणजे?”

“मी पहिला काहलला दिला.”

तो हसायला गेला. “तूसुद्धा? तुलाही वाटलं मी सुरक्षित आहे म्हणून?”

“नाही. दुकानात, दवाखान्यात लोक काय बोलताहेत ते ऐकत होते मी. तू पडणार हे मला आठवडाभर आधी कळलं होतं.”

“आणि बोलली नाहीस?”

“माझी आई मयताच्या पेटीत होती, कोलमन. झाकण अजून लावायचं होतं. आणि तू तिच्या उशाशी उभा राहून भेटायला आलेल्या गिल्हूलीच्या घरातली मतं जमवत होतास. मला हुंदका आला तर मान न वळवता म्हणालास, ‘जरा थांब, इटा.’” तिने थर्मासचं झाकण फिरवलं. “मी थांबले.”

आतून गाण्याचा गलका आला. कोलमनला तिची क्षमा मागायची होती, निदान त्याला तसं वाटलं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

“दुसरा नंबर तरी?”

इटाने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

“कुणालाच नाही. काहलला एक दिला आणि कागद घडी करून टाकला.” तिने चहा ओतून कप त्याच्या हातात दिला. “खा आता. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

त्याने सँडविच घेतलं. पाव कोरडा पडला होता. तो मुकाट्याने चावत राहिला, आणि ते संपल्यावर तिने न विचारता दुसरं त्याच्या हातावर ठेवलं.