रांजणावर चालणारा कॉम्प्युटर

"एक घर सोड, मंग तीन भर, मंग..."

"थांबा बाबा. गेला पुन्हा," हर्षा म्हणाली.

"आता काहून गेला?"

"तापला."

पवनीतला मे महिना. कुत्रीसुद्धा दुपारी नालीत जाऊन बसतात, तिथं नागपुरातून जुना आणलेला तो कॉम्प्युटरचा डबा कुठवर तग धरणार? रात्री तो शहाण्यासारखा चालायचा, पण रात्री हर्षाच्या बाबांना, टेकचंदना, दिसत नव्हतं. काचबिंदूनं डोळे खाल्ले होते. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. दुपारचं ऊन छपराच्या कवेलूंमधल्या काचेतून सरळ खाली पडायचं, तेवढाच वेळ त्यांना साडीचा काठ दिसे.

साडी शोभाताईंच्या लग्नातली. टेकचंदनी बायकोसाठी करवती काठाच्या आत मनानं एक कळ्यांची वेल बसवली होती. जन्मभर मागावर बसले, पण ती वेल कागदावर कधी उतरवली नाही. हातात आहे, जाते कुठं, हा तोरा! आता त्या वेलीची एवढी एकच साडी उरली होती आणि तिचेही धागे झडले होते. कुठं कळी होती नि कुठं देठ, ते उरल्यासुरल्या खुणांवरून त्यांनाच कळायचं. पोरगी मागावर बसायला तयार होती, पण वेल तर हवी. विणायचा नमुना चौकटी भरून काढतात, पण कागदावरच्या बारीक चौकटी त्यांना तपासता येत नव्हत्या. कॉम्प्युटरवर एकेक चौकट बोराएवढी करता यायची. अर्धी वेल झाली होती. उरलेली डोळे पुरते जायच्या आधी व्हायला हवी होती.

हर्षानं डोकं चालवलं. भंडाऱ्याच्या कासाराकडून तांब्याची चपटी, पोकळ डबी करून आणली, येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याला दोन नळ्या असलेली. ती कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर घट्ट बसवली. जुन्या कूलरचा पंप काढून रांजणात सोडला, रांजणाला ओलं पोतं गुंडाळलं आणि पारदर्शक नळी जोडून पाणी फिरवलं.

"लोकं पोरायले पन्हं पाजतात," शोभाताई म्हणाल्या, "हिनं मशीनले रांजण लावला!"

पण भर दुपारी कॉम्प्युटर चालला. टेकचंद सांगत गेले, हर्षा भरत गेली. शोभाताईंनी शेजारणींना बोलावून रांजण दाखवला.

आणि मग एका दुपारी तो धाडकन बंद पडला. हर्षानं पाहिलं तर नळी पांढरीफटक. डबी उघडली तर आत चिकट गोळा.

"रांजणात कोणी काय टाकलं?"

"पानी कमी वाटलं म्हनून मी भरलं," टेकचंद म्हणाले. "मागाजवळच्या बादलीतलं."

मागाजवळच्या बादलीत ताण्याच्या उभ्या धाग्यांना लावायची तांदळाची खळ होती. पातळ करून ठेवलेली. ती तांब्याच्या डबीत जाऊन शिजली होती.

"दिसलं नाही काय बाबा तुम्हाले?" हर्षाच्या तोंडून निघून गेलं.

"नाही दिसलं."

आजवर ते 'जरासं अंधुक' म्हणायचे. हर्षाला रडू येत होतं, स्वतःच्या जिभेचा राग येत होता. टेकचंद मात्र भिंत धरत उठले.

"ऊन पानी ठेव व," ते बायकोला म्हणाले. "खळ हाये, दगड नाही."

नळ्या धुऊन, पंप उघडून, रांजण खरवडून सगळं पुन्हा जोडण्यात दुपार गेली. दुसऱ्या दिवशी काचेखाली ऊन आलं तेव्हा पंप गुरगुरत होता.

"दोन भर. एक सोड. मंग..."

टेकचंदचं बोट काठावर पुढं सरकलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"बाबा?"

"इथून पुढं मले दिसत नाही, पोरी." बस निघून गेली हे सांगावं, तितक्या साधेपणानं ते म्हणाले. "तुह्या मनानं भर."

"चुकन ना."

"चुकन तं चुकन. मी बी मनानंच भरली होती."

हर्षानं आधीच्या कळ्या पडद्यावर पुन्हा एकदा मोजून पाहिल्या. मग एकेक चौकट भरत कळी काढली आणि मोठी करून दाखवली. टेकचंद नाक टेकेल इतके जवळ गेले.

"कोनीकडं वाकवली?"

"बाहेर."

"मी आत वाकवली होती."

तिनं पुसायला माउस उचलला. टेकचंदनी हात पुढं करून चाचपला आणि तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "पुढची बी बाहेरच वाकव."

तिनं वाकवली. त्यापुढची कळीही. काचेवरून ऊन केव्हाच सरकलं होतं, आणि कॉम्प्युटर चालू होता.